ठमाईची पाठ

फार वर्षांपूर्वी, बोरवंड गावात विहीर एकच होती आणि लाज मात्र गावभर होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात ठमाई नावाची सुईण राहायची. तिचा नवरा रेड्यावर पाण्याची कातडी पखाल लादून घरोघर पाणी घालायचा आणि ठमाई घरोघर बाळंतपणं करायची. तिचा हात पोटावर पडला की आतलं मूल शहाण्यासारखं कूस बदलायचं, असं म्हणतात. म्हणतात ते सगळंच खरं धरू नका, पण पुढचं धरा.

बोरवंडात लग्नाला वाटीचा मान असायचा. अक्षता पडल्या की नवरीला पाटावर बसवायचं आणि सासरच्या भावकीतल्या प्रत्येक घराने तिला एकेक वाटी पन्हं पाजायचं. वाटी नाकारायची नाही, आणि शेवटची वाटी होईपर्यंत पाटावरून उठायचं नाही. नवरी मध्येच उठली तर सासरची लक्ष्मी उठते, अशी समजूत. भावकी लहान असली तर ठीक. पण गावातल्या शेवंती नावाच्या पोरीला मिळालेलं सासर म्हणजे अर्धं खोरं.

शेवंती प्यायली. मांडी आवळून, ओठ चावून पीतच राहिली. ऊन डोक्यावरून कलून गेलं तरी वाट्या येतच होत्या, असं म्हणतात. अखेर तिला उठवलं आणि बायकांनी मोकळं व्हायला गवताच्या गंजीमागे नेलं, तर आता काही केल्या होईना. बायका भोवती कडं करून उभ्या, म्हणत होत्या, "कर गं लवकर, गाड्या खोळंबल्यात." पोरगी रडायला लागली. तिचं पोट फुगलं, ओटीपोट टणक झालं. नवऱ्याच्या आत्याने ते पाहिलं आणि म्हणू नये ते म्हणाली, "ही पोर रिती न्हाई गं!"

झालं! मांडवभर कुजबुज पसरली. नवऱ्याचा बाप म्हणाला, "गाड्या जुंपा. पोर हितंच ऱ्हाऊ द्या."  शेवंतीची आई धडपडत ठमाईच्या दारात जाऊन पडली.

ठमाई आली. तिने शेवंतीच्या बेंबीखाली हात ठेवला आणि हसली.

"बायांनो, ह्यो गर्भ न्हाई. पानी हाय, पानी! मानसाच्या पोटात येक पखाल आसती. भरली की ती सवताला आवळती आन् तोंडाची दोरी सैल हुती. हिनं दिसभर दोरी वढून धरली, आता भ्यानं सुटंना. तुमी समद्या डोळं लावून हुब्या, मग सुटंल कशी?"

सासू ताराऊ म्हणाली, "नवरीला येकली सोडायची रीत न्हाई आमच्यात."

"मग सोडू नगा," ठमाई म्हणाली. "हितंच ऱ्हावा. पर पाठ करा!"

आणि तिने काठीने एकेकाला वळवलं. वऱ्हाडी वळले, भटजी वळले, नवरदेव वळला. वाजंत्र्यांना तिने डोंगराकडे तोंड करून वाजवायला लावलं. घोडासुद्धा वळला आणि बाभळीवरच्या चिमण्यांनी पाठ केली, असं म्हणतात. मग तिने दोन लुगड्यांचा आडोसा केला, शेवंतीला कोमट पाण्याच्या घंगाळात बसवलं आणि तांब्यातून पाण्याची बारीक धार धरली. "आता तुला कुनी बगत न्हाई, बाय. श्वास सोड."

पोरीने श्वास सोडला.

त्या दिवशी गावाबाहेरचा कोरडा ओढा वाहिला, असं म्हणतात. ते मी छातीठोक सांगणार नाही. पण शेवंती लुगड्याआडून बाहेर आली तेव्हा पोट सपाट होतं आणि ती हसत होती. ताराऊने पदराने तिचं तोंड पुसलं आणि आपल्याच गाडीत, आपल्याशेजारी बसवलं. आत्या मागच्या गाडीतून गेली.

तेव्हापासून खोऱ्यातली माणसं कुणाला न सांगितलेलं दुखणं ठमाईला सांगू लागली. जळजळ होते म्हणून पाणी तोडलेल्या बायकांना ती रागवायची, "आगं, पी, आन् आलेली धरू नगस!" बाळंतपणानंतर शिंकताना थेंब गळणाऱ्यांना दोरी आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची असं शिकवायची. अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना मारायचं नाही, म्हणायची. आणि म्हाताऱ्याची धार पार अडली किंवा लाल आली, तर सरळ सांगायची, "हे माझ्या हातचं न्हाई. गाडी जुंपा, दवाखान्यात न्या."

ठमाई गेली, शेवंतीही म्हातारी होऊन गेली. पन्ह्याच्या वाट्या आता नवरीच्या ओठांना नुसत्या लावतात. पण बोरवंडात अजून मुहूर्तमेढ मांडवाची रोवत नाहीत. पहिली मेढ मांडवामागच्या आडोशाची, ठमाईच्या नावाने. आणि लग्न लागलं की कुणीतरी म्हातारी हाळी देते, "ठमाईची पाठ!" तशी मुंबई-पुण्याचे पाहुणे धरून सगळा मांडव वळतो, वाजंत्री डोंगराकडे तोंड करतात, आणि नवरी हसत परत येईपर्यंत सासरचं एकही माणूस वळून बघत नाही.