गिऱ्हाइकामागे एक उंबर

डोंगरात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका अस्वलाने मधाचं दुकान थाटलं होतं. मध करायच्या मधमाश्या आणि गिऱ्हाइकं बोलवायची साळुंकी.

धंदा वाढावा म्हणून अस्वल साळुंकीला म्हणालं, "एक गिऱ्हाईक आण, एक उंबर घे." साळुंकी रानभर ओरडत फिरू लागली. दारात रांग लागली. मध पुरेना, तेव्हा अस्वलाने कच्चा मध काढून विकला. तोही संपल्यावर माश्यांनी पिल्लांसाठी राखलेला पोळ्याचा कोपराही त्याने पिळला.

म्हातारी माशी पुढे आली. "मालक, साळुंकीला गिऱ्हाइकामागे उंबर. आमच्या वाट्याचं तेवढं तरी ठेवा."

"तिचा आवाज सगळ्या रानाला ऐकू येतो," अस्वल म्हणालं. "तुमचं काम दिसतं कुठे?"

म्हातारी पंख पुसून कामाला गेली.

आठ दिवसांनी पोळ्यातली गुणगुण थांबली. माश्या डोंगरापलीकडे निघून गेल्या होत्या. मागे उपाशी मेलेली पिल्लं तेवढी राहिली होती.

अस्वल ते पोळं हुंगत बसलं होतं, तेवढ्यात साळुंकी आली. तिच्यामागे पाच वानरं रिकामे द्रोण घेऊन उभी होती.

"अगं, आता मध कुठला?"

"ते मला काय ठाऊक, मालक? पाच गिऱ्हाइकं आणली. पाच उंबरं द्या."

अस्वलाने पाच उंबरं तिच्यापुढे ठेवली. बोली तशीच ठरली होती.