खुंटीवरचं ओगराळं

भांडी अजून माणसांसारखी बोलत होती, त्या काळची गोष्ट. गजराबाईच्या घरी माठातलं पाणी काढायला लखलखीत पितळी ओगराळं होतं, पण ते खुंटीवरून उतरे फक्त पाहुण्यांसाठी. घरची पोरं मातीचे हात तसेच माठात बुचकळत आणि मग पोट धरून बसत.

माठ करवादला, "ए, खाली ये! पोरांच्या पोटात जंत झालेत."

"मी पाहुण्यांसाठी आहे," ओगराळं ऐटीत म्हणालं.

"जंतही पाहुणेच की! तू उतरत नाहीस, म्हणूनच ते मुक्कामाला येतात."

ओगराळं ओशाळलं. त्यानं ठणकन खाली उडी मारली आणि बुडाला हा मोठा पोचा आला.

गजराबाईनं ते उचलून निरखलं. "आता हे पाहुण्यांपुढे कसं काढायचं? राहू दे माठावरच, पोरांना होईल!"