गुळगुळीत नकाशा

एकदा एका शिष्याच्या मनात आपल्या वृद्ध गुरूंविषयी संशय शिरला. आता खरं सांगायचं तर, त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी आपल्यालाही आलाच असता!

गुरूंनी उभं आयुष्य नदीची पातळी मोजण्यात घालवलेलं. शिष्य संगणकाने वर्तवलेल्या पावसाच्या आकड्यांचे रंगीत नकाशे काढी. त्या सकाळचा नकाशा फारच देखणा उतरला होता. डोंगरावर फिकट हिरवा रंग, म्हणजे किरकोळ पाऊस; गावावर काहीच नाही. गुरूंनी तो पाहिला, मूळ आकड्यांचा कागद मागून घेतला आणि दार लावून घेतलं. काही वेळाने त्यांच्या खोलीतून गावातला एक व्यापारी हसत हसत बाहेर पडला. पाठोपाठ गुरूंचा निरोप आला की, नदीपात्रातला आठवडी बाजार तत्काळ उठवून व्यापाऱ्याच्या आवारात बसवावा.

त्या बाजारावर व्यापाऱ्याचा कित्येक वर्षं डोळा होता. शिष्य मनात म्हणाला, पाणी कुठेतरी मुरतंय! त्याची आई त्याच पात्रात मडकी विकायला बसे. त्याने तिला फोन केला.

"आई, कुणी काहीही सांगो, जागा सोडू नकोस. नकाशा मी स्वतः काढलाय. म्हातारा फितूर झालाय."

"तू म्हणतोस तर बसते बाबा," आई म्हणाली.

मग तो तावातावाने गुरूंच्या खोलीत शिरला. "गुरुजी, ऊन पडलंय. बाजार कशासाठी उठवलात?"

गुरूंनी आकड्यांचा कागद पुढे सरकवला. त्यावर प्रत्येक जागेच्या पावसाचा एकेक चौकोन होता. डोंगरमाथ्यावरच्या एका चौकोनाभोवती पेन्सिलीने गोल केला होता. आसपास दहा, बारा, आठ मिलिमीटर. आणि त्या एकाच चौकोनात तीन तासांत तीनशे दहा!

"हा तुझ्या नकाशात कुठे आहे?"

"तो चुकीचा वाटला," शिष्य चाचरला. "नकाशावर डाग पडल्यासारखा दिसत होता. म्हणून शेजारच्या चौकोनांत मिसळून सारखा केला."

"मलाही शंका आली. म्हणून डोंगरावरच्या शाळेत फोन केला. तिथे अंगणात कमरेएवढं पाणी आहे. इथे ऊन आहे, कारण ते पाणी अजून वाटेत आहे."

"आणि तो व्यापारी?"

"लोभी आहे, ठाऊक आहे मला. पण त्याचं आवार उंचावर आहे. किल्ली मागायला बोलावलं होतं."

शिष्याने घाईघाईने फोन काढला. आईचा फोन लागेना. तो धावत सुटला. बाजार उठला होता. रिकाम्या पात्रात एकटी आई मडक्यांपाशी बसलेली.

"अगं ऊठ!"

"अरे, तूच तर म्हणालास—"

"चुकलो मी, आई! मडकी राहू देत!"

त्याने तिला ओढतच घाटाच्या पायऱ्या चढवल्या. वरच्या पायरीवर पोहोचतात न पोहोचतात तोच गढूळ लोंढा आला. लख्ख उन्हात सगळी मडकी गेली.

संध्याकाळी तो गुरूंसमोर मान खाली घालून उभा राहिला. "मी तुमच्यावर संशय घेतला."

"घ्यावा की. त्या आकड्यावर घेतलास, माझ्यावर घेतलास, व्यापाऱ्यावर घेतलास. पण संशय आला की मी विचारपूस करतो आणि तू निकाल देऊन मोकळा होतोस. आणि ज्याच्यावर आधी घ्यायचा, त्या स्वतःच्या हातच्या सुबक चित्रावर मात्र तू एकदाही घेतला नाहीस."

दुसऱ्या दिवशी आईने नवा नकाशा पाहिला. "एवढं छान चित्र, आणि मध्येच हा काळा ठिपका कसला रे? पूस ना तो."

"नको आई," तो म्हणाला. "आधी डोंगरावरच्या शाळेत फोन करून विचारतो."