बांधावरची पायफेरी

एका खाडीच्या काठी एक लहानसं राज्य होतं. राज्य म्हणजे एक बंदर, एक बाजार आणि बांधाच्या आत पसरलेली भाताची खाचरं, एवढंच. तिथल्या राजाचं नाव अनंतपाळ. पहाटे उठून खाडीकडे बघत बसायला त्याला फार आवडे. धुकं उतरलेलं असे. पाणी हळूच वर येई आणि हळूच खाली जाई. राजाला वाटे, कोणीतरी मोठं, भलं जनावर इथे गाढ झोपलंय आणि हा त्याचा श्वास चाललाय.

पण त्या श्वासाला सांभाळून राहावं लागे. बाहेर खारं पाणी, आत गोडं शिवार आणि मध्ये फक्त मातीचा बांध. त्या मातीत खेकडे बिळं करत. बिळातून पाणी झिरपे. झिरपता झिरपता एखाद्या उधाणाला बांध फुटे, आणि एकदा का खारं पाणी शेतात शिरलं की पुढे कित्येक वर्षं तिथे रोप धरत नसे.

म्हणून त्या लोकांचा एक जुना रिवाज होता. त्याला ते पायफेरी म्हणत. अमावस्येला पहाटे ओहोटी लागली की घरटी एक माणूस अनवाणी पायांनी बांधावर येई. डोक्यावर मातीची टोपली. एकामागे एक सगळे हळूहळू चालत. ज्याच्या तळव्याला गारवा लागेल, माती मऊ लागेल, त्याने तिथेच खाली बसायचं. आणि बसलेल्या माणसाला ओलांडून कोणी पुढे जायचं नाही, राजानेही नाही. बसणारा सावकार असो, गुराखी असो, की वाड्यावर भांडी घासणारी बाई असो, सगळी रांग थांबे. तिथली माती उकरत, बीळ शोधत, भरत, तुडवत, आणि मग पुढे निघत.

पुढे दिवस पालटले. दूरदूरच्या देशांची गलबतं खाडीत येऊ लागली. बाजारात नवी फळं आली, नवी कापडं आली. पोरं खेळताना तीन-तीन भाषांत भांडू लागली. राजाला याचा मोठा आनंद होता. आपल्या एवढ्याशा बंदराचं नाव साऱ्या जगाच्या ओठांवर आहे, अशी स्वप्नं तो जागेपणीच पाहू लागला.

अशात निरोप आला. निरनिराळ्या देशांचे व्यापारी एकत्र येऊन ठरवणार होते, की यापुढे मोठ्या गलबतांचं मुख्य ठाणं या बंदरात असावं की शेजारच्या. पावसाळा सरला की ते सगळे पाहायला येणार होते. इथल्या पायफेरीबद्दल त्यांनी ऐकलं होतं, तीही त्यांना पाहायची होती.

प्रधान राजाला म्हणाला, "महाराज, अवघं जग दाराशी येणार, आणि आपण त्यांना चिखलाचे पाय दाखवणार?"

राजाने खाली पाहिलं. त्याच्या नखांच्या कडेला बांधाची माती होती. घासली तरी ती कधी जात नसे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तिची लाज वाटली.

त्याच उन्हाळ्यात बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी गुळगुळीत फरशी बसली. टोपल्यांना रेशमी झालरी लागल्या, आणि त्यांत मातीऐवजी फुलं आली. पुढे वाजंत्री आणि मुली नाचणार असं ठरलं. बांधाची देखरेख करायला दरबाराने एक अंमलदार नेमला. तो जोडे घालून फरशीवरून फेरी मारी आणि सगळं ठीक असल्याचं कळवी. खरं सांगायचं तर लोकांनाही हे आवडलं. फुलं मातीपेक्षा हलकी असतात.

फक्त आवडा नावाची एक म्हातारी कोळीण एके दिवशी दरबारात आली. पायफेरीच्या रांगेत राजाच्या पुढे नेहमी तीच असे, त्यामुळे तिला राजाची भीडभाड नव्हती. "फरशी झकास झालीय, महाराज," ती म्हणाली. "पाय मात्र आंधळे झाले."

दरबारात हशा पिकला. राजाही हसला. "आवडामावशी, दर फेरीला तुझा अंगठा ठेचकाळायचा. तो तरी वाचला की नाही?"

"अंगठा वाचला. भाताचं तुम्ही बघा," असं म्हणून ती निघून गेली.

त्या दिवसापासून राजाला पहाटे खाडीचा श्वास जरा जवळून ऐकू येऊ लागला. कधी वाटे, तो बांधाच्या पलीकडून नाही, अलीकडूनच येतोय. मग तो डोळे मिटून घेई आणि मिटल्या डोळ्यांपुढे गलबतांची पांढरी शिडं तरंगू लागत.

ठरलेली अमावस्या आली. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या. मांडवात देशोदेशीचे पाहुणे बसले होते. धुक्यातून सनईचे सूर येत होते, मुली नाचत होत्या, आणि त्यांच्या मागून गावाची रांग येत होती. राजाच्या पायांत जरीच्या मोजड्या होत्या. सारं कसं स्वप्नासारखं दिसत होतं.

तेवढ्यात त्याच्या पुढे चालणारी आवडा मध्येच खाली बसली.

सनई अडखळली. रांग थांबली. प्रधान घाईघाईने राजाच्या कानाशी आला. म्हातारी दगडावर बसली आहे, दगडाखालचं तिला काय कळणार, पाहुणे बघताहेत, बाजूने पुढे चला, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

राजाने वाकून हलकेच विचारलं, "मावशी, गार लागलं का?"

"काहीच लागत नाही," आवडा म्हणाली. "म्हणून तर बसले."

राजा तसाच उभा राहिला. एका बाजूला मांडव होता. तिथे त्याचं स्वप्न खुर्च्यांवर बसून त्याच्याकडे बघत होतं. दुसऱ्या बाजूला हिरवंगार भात होतं. बसलेल्या माणसाला आजवर कोणी ओलांडलं नव्हतं. आज आपण ओलांडलं तर उद्या अंमलदार ओलांडेल, परवा सावकार. आणि मग बसायला कोणी उरणारच नाही, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

त्याने मोजड्या काढल्या. तो आवडाच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "फरशी उचला."

पहिला दगड उचलला, तर खाली मातीची चाळण झालेली. प्रत्येक भोकात पाणी चमकत होतं. दुसऱ्या दगडाखाली तेच, तिसऱ्याखालीही तेच. मग कोणी कोणाला सांगायला थांबलं नाही. फुलं खाडीत गेली. रेशमी टोपल्या चिखलाने भरल्या. नाचणाऱ्या मुलींनी ओचे खोचले. भरती चढायच्या आत जेवढं वाचवता येईल तेवढं सगळ्यांनी वाचवलं. तरी एका कोपऱ्याची खाचरं गेलीच. खारं पाणी शिरून ती डोळ्यांदेखत करडी झाली.

मांडवातले काही पाहुणे हसले. काही उठून गेले. पण इदरीस नावाचा एक वयस्क व्यापारी बांधावर उतरला. त्याने झगा कमरेला खोचला, बूट काढून ठेवले आणि माती कुठे टाकू म्हणून विचारलं.

दोघं शेजारी शेजारी माती तुडवू लागले. राजा खालमानेने म्हणाला, "तुम्हाला हे दाखवायचं नव्हतं."

इदरीस म्हणाला, "माझ्या गावालाही बांध होता. पक्का, दगडी. दरबारची माणसं राखायची. तो फुटला तेव्हा आम्ही चौकात भांडत होतो, चूक कोणाची म्हणून. माती कुठे टाकायची, हे एकालाही ठाऊक नव्हतं."

मोठ्या गलबतांचं ठाणं शेजारच्या बंदराला मिळालं. प्रधान बरेच दिवस रुसून होता. थोडी गलबतं मात्र येत राहिली, आणि त्यांत इदरीसचंही होतं. त्याने केलेल्या मदतीबद्दल काय हवं ते मागा, असं राजाने त्याला सांगितलं. जकात माफ करून मागेल, असं सगळ्यांना वाटलं. त्याने पायफेरीच्या रांगेत एक जागा मागितली.

राजा म्हणाला, "ती माझी नाही. ती मला देता येणार नाही." आणि त्याने गावाला विचारलं.

गाव विचारात पडलं. परका माणूस, परकी बोली, परका देव. बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी आवडा म्हणाली, "येऊ दे की. टोपली मात्र त्याची त्याने आणायची."

तात्पर्य: जे सगळ्यांनी मिळून राखायचं असतं, ते जगाला दाखवण्यासाठी सजवलं की राखणं सुटतं. रीत जपायची ती कामासाठी, आणि त्या कामात हात लावायला येईल त्याला आपला म्हणावं.