दोन सुतांचा ओटा

जगन्नाथ रामकृष्ण शेवडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे खाडीकाठच्या एका गावात राहत असत. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. त्यांची शाळा चौथीत सुटली, परंतु वाचन सुटले नाही. तरीच्या होडीवर तिकिटे फाडता फाडता त्यांनी व्याकरण वाचले, पुराणे वाचली, आणि उतारूंच्या बोलण्यातील चुकाही दुरुस्त केल्या. होडी पैलतीराला लागेपर्यंत उतारूंना ऐकण्यावाचून दुसरा उपाय नसे.

तात्यांच्या घरामागे परस होते. तेथे पावसाळाभर शेवाळ असे. आदल्या श्रावणात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई त्यावरून घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. तेव्हापासून त्यांनी मागच्या दाराबाहेर पाऊल टाकले नव्हते. स्वतः लावलेली अबोली त्या खिडकीच्या गजांतून पाहत. तात्यांना ते पाहवेना. त्यांनी शब्द दिला, की यंदाच्या नागपंचमीला तू परसात बसून अबोलीचा गजरा करशील. त्यासाठी स्वयंपाकघराच्या जोत्यापासून समोरच्या गडग्यापर्यंत, म्हणजे चिरेबंदी कुंपणभिंतीपर्यंत, लाकडी ओटा घालण्याचे ठरले.

गावात धाकटू मेस्त्री हा जुना, हुशार सुतार होता. वैशाखात त्याने खांब रोवले, वर वासे बसवले आणि ऐनाच्या बारा फळ्या रंधून ठेवल्या. तेवढ्यात त्याला बहिणीच्या घराचे छप्पर उतरवण्यासाठी चार दिवस परगावी जावे लागले. आल्यावर फळ्या ठोकतो, असे तो म्हणाला. खिळे ठोकण्यास विद्वत्ता लागत नाही, ते काम मी करीन, असे तात्यांनी त्यास कळविले.

"बरं तात्या," धाकटू म्हणाला. "फळ्यांच्या मधे दोन-दोन सूत सोडा मात्र. कारण काय, की लाकूड—"

"कारण मला ठाऊक आहे," तात्या म्हणाले. "आणि 'मधे' नव्हे, 'मध्ये'."

धाकटूने 'मध्ये' असे म्हणून पाहिले, आणि तो बहिणीकडे गेला.

कारण तात्यांना अर्थातच ठाऊक नव्हते. त्यांनी घरी येऊन शब्दकोश उघडला. 'सूत' या शब्दापुढे पहिलाच अर्थ होता: कापसाचा धागा. तो त्यांना पटला, म्हणून पुढचे अर्थ त्यांनी वाचले नाहीत. लाकडावर लाकूड घासून कुरकुर होऊ नये, यासाठी मध्ये धागा घालण्याची ही प्राचीन रीत असावी, असा निष्कर्षही त्यांनी काढला. मग ते चार दिवस खपले. प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये पांढऱ्या सुताचे दोन धागे मोजून ठेवायचे, फळी फळीला ठोकून घट्ट भिडवायची, आणि वर खिळा मारायचा. बाराव्या फळीनंतर गडग्यापर्यंत बोटभरही फट राहिली नाही.

सत्यभामाबाई दारातून पाहत होत्या. "अहो, दोन धाग्यांनी काय होणार? धाकटूला एकदा विचारा तरी."

"कोशात पाहिले आहे," तात्या म्हणाले.

"कोशानं कधी ओटा घातलाय का?"

तात्यांनी आणखी एक खिळा मारला.

धाकटू परत आला तो परस्पर दुसऱ्या गावच्या कामावर गेला. ज्येष्ठ सरला. आषाढात पाऊस धरला तो पंधरा दिवस सोडीना. ऐनाच्या फळ्यांनी पोटभर पाणी पिऊन अंग धरले. एकीकडे जोते, दुसरीकडे गडगा. फुगायला जागा कुठेच नाही. तेव्हा त्या वर उठल्या; झडीमुळे मागचे दार-खिडकी बंद असल्याने ते कोणाला दिसले नाही. नागपंचमीच्या सकाळी सत्यभामाबाईंनी हौसेने नवे लुगडे नेसून मागचे दार उघडले, तर ओटा मधोमध उंटाच्या पाठीसारखा वर आलेला. खिळे उपटून बाहेर डोकावत होते. सगळ्यात उंच जागी शेजारचे मांजर बसले होते.

"मागच्या वर्षी घसरायची सोय होती," सत्यभामाबाई म्हणाल्या, "यंदा चढायचीही केलीत." मग त्यांनी दार लावले आणि त्या पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या.

तात्यांनी छत्री उचलली. धाकटूला शुद्ध भाषेत खडसावण्यासाठी त्यांनी वाटेत तीन वाक्ये तयार केली. धाकटूच्या पडवीत सणासाठी आलेली चार माणसे बसली होती. त्यांच्यादेखत तात्यांनी पहिले वाक्य उच्चारले: दोन सुते सोडूनही ओटा फुगला, तेव्हा तुझी फळीच कच्ची होती.

धाकटूने विचारले, की सूत सोडले म्हणजे नेमके काय केले? तात्यांनी सांगितले. पडवीतला एक जण खोकला आणि बराच वेळ खोकतच राहिला. धाकटू मात्र हसला नाही. त्याने पोलादी पट्टी आणली आणि इंचाच्या आठ भागांपैकी एकावर नख ठेवले. "आम्ही सुतार याला सूत म्हणतो, तात्या. इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. तेवढी फट सोडली, की लाकूड त्यात फुगतं." मग त्याने तात्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि हलकेच म्हटले, "माझंच चुकलं. उलगडून सांगायला हवं होतं."

सुटकेचे दार उघडे होते. चार माणसे ऐकत होती. होय म्हटले, की तात्यांची चौऱ्याहत्तर वर्षांची अब्रू शाबूत राहणार होती. तात्यांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"नाही," ते अखेर म्हणाले. "तू सांगत होतास. मी तुला बोलू दिले नाही. ती पट्टी पुन्हा एकदा दाखव, आणि या वेळी सगळे सांग."

धाकटूने सगळे सांगितले. त्याला अर्धा तास लागला, कारण सुताराला सहसा कोणी इतके विचारत नाही.

पावसाने उसंत दिल्यावर दोघांनी मिळून फळ्या उखडल्या, बारावी फळी कापून अरुंद केली आणि पट्टी लावून फटी सोडल्या. नागपंचमी हुकली होती, परंतु नारळी पौर्णिमेला सत्यभामाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या. त्या दिवसापासून तात्या समोरच्या माणसाचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबू लागले. लग्नाला बावन्न वर्षे झाल्यावर सत्यभामाबाईंना घरात शेवटपर्यंत बोलता येऊ लागले, आणि त्यांच्यापाशी बोलण्यासारखे पुष्कळ साठले होते.

तात्पर्य: शब्द ज्याच्या हातात रोज राबतो, त्याला त्याचा अर्थ विचारण्यात कमीपणा नाही; न विचारता मिरविलेले ज्ञान पहिल्याच पावसात फुगते आणि आपल्याच माणसाची वाट अडविते.