मण्याचं घर

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, इतक्या पूर्वीची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका उंच कड्याच्या पायथ्याशी मधावर जगणारी वस्ती होती. कड्याच्या अंगाला आग्या माश्यांची सुपाएवढी पोळी लटकत. माणूस दोराच्या टोकाला विणलेल्या पाळण्यात बसून वरून खाली उतरे, ओल्या पाल्याच्या चुडीने धूर करी आणि पोळं कापून टोपलीत घेई. दोर वर एका जुन्या हिरड्याच्या खोडाला एक वेढा घेऊन जाई, आणि त्याचं दुसरं टोक दुसऱ्या माणसाच्या हातात असे.

हा दुसरा माणूस कोण असावा, याचा वस्तीत नियम होता. दोर धरायचा तो उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावानेच. मित्राला कंटाळा येईल, भाऊबंद वाटणीवरून मनात काही धरतील. पण आपली बहीण रंडकी व्हावी असं कुठल्या भावाला वाटतं?

दोर हातांनीच धरायचा, हाही नियम होता. एक हिसका आला की दोर आणखी खाली सोडायचा. दोन आले की थांबायचं. तीन आले की काही न विचारता वर ओढायचं. खालून हाक मारलेली वर ऐकू येत नसे. जे सांगायचं ते दोरच तळहाताला सांगे.

त्या वस्तीत कान्हू नावाचा मध काढणारा होता. त्याची बायको चांगुणा. चांगुणाचा धाकटा भाऊ लखू त्याचा दोर धरी. उतरायच्या दिवशी चांगुणा दोराच्या टोकाला कुंकू लावी आणि ते टोक भावाच्या हातात देई. बोलत काही नसे. बोलायची गरजच नव्हती.

कान्हू मात्र थट्टेखोर. कड्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणे, "मेहुणे, पोटभर जेवलात ना? नाहीतर मी तुम्हालाच खाली ओढून नेईन."

लखू म्हणे, "तुम्हीच कमी जेवत जा, दाजी. अक्काच्या भाकरी तुम्ही खाता आणि भार माझ्या खांद्याला."

अशी सात वर्षं गेली. कान्हू सात वर्षं उतरला आणि सात वर्षं वर आला.

एकदा वस्तीत लाकडी खेळणी विकणारा एक म्हातारा आला. त्याच्याकडे तळहाताएवढी एक ताटली होती. तिच्यात वाकडीतिकडी वाट कोरलेली, वाटेच्या दोन्ही बाजूंना बारा खड्डे आणि मधोमध एक उथळ खळगा. वाटेवर लाखेचा एक लाल मणी होता.

"याला बोट लावायचं नाही," म्हातारा म्हणाला. "ताटली नुसती कलती करायची. मणी आपल्या भाराने घरंगळतो. खड्डे चुकवून मधल्या घरात नेऊन बसवला, की जिंकलं."

"एवढंच?" लखू हसला.

त्याने ताटली घेतली. मणी पहिल्याच खड्ड्यात गेला. पुन्हा कलती केली. दुसऱ्या खड्ड्यात गेला. हात जरा कमी झुकला तर मणी हलत नव्हता, आणि जरा जास्त झुकला तर थांबत नव्हता.

"घरात बसल्यावर काय मिळतं?" लखूने विचारलं.

"काही नाही," म्हातारा म्हणाला. "हलवून बाहेर काढायचा आणि परत सुरू करायचं."

लखूने एक भोपळाभर मध देऊन ती ताटली घेतली.

आधी तो जेवण झाल्यावर खेळे. मग जेवता जेवता खेळू लागला. भाकरी वाळून जाई आणि तो म्हणे, "हा एकच डाव." मणी अकरा खड्डे चुकवी आणि बाराव्यात पडे. पहिल्यातच पडता, तर लखूने ताटली केव्हाच चुलीत घातली असती. बाराव्यात पडला, म्हणून तो पुन्हा बसे.

मग एके दिवशी ताटली त्याच्या कमरेला खोचून कड्यावर आली.

कान्हू खाली गेला, की वर बसून राहायचंच तर होतं. पण खेळायला दोन हात लागतात, आणि दोन्ही हातांत दोर. लखूने विचार केला, हिसका कमरेलाही कळेलच की. त्याने दोराचं टोक कमरेला बांधलं आणि हात मोकळे केले.

कळलाही. पहिल्या दिवशी कळला, दुसऱ्या दिवशी कळला. तिसऱ्या दिवशी कान्हू वर आला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"काय मेहुणे, डुलकी लागली होती का?"

"नाही दाजी. दोर खोडाला अडकला होता."

"मग त्या हिरड्याला दोन शिव्या द्या माझ्याकडून," कान्हू म्हणाला आणि हसला. त्याने पुढे विचारलं नाही. ज्याच्या हातात आपला दोर असतो, त्याच्यावर संशय घेऊन कड्यावरून उतरता येत नाही.

चांगुणाने मात्र नवऱ्याच्या डोळ्याला हळद लावली आणि भावाकडे आली. "लखू, ती ताटली वर नेतोस का?"

"नाही, अक्का."

"नेऊ नकोस बाबा."

"नाही नेत."

मोसमातलं शेवटचं पोळं उरलं होतं. कड्याच्या अगदी मधोमध, सगळ्यांत मोठं. दुपारची वेळ होती, ऊन लख्ख होतं. चांगुणाने टोकाला कुंकू लावून दोर भावाच्या हातात दिला. कान्हू उतरला. दोन हिसके आले, म्हणजे तो पोळ्यापाशी पोचला. लखूने टोक कमरेला बांधलं आणि ताटली काढली.

त्या दिवशी मणी शहाण्यासारखा चालत होता. तीन खड्डे चुकले. सात चुकले. अकरा चुकले. बाराव्याच्या काठावरून मणी हळूच पुढे गेला. आता घर बोटभर लांब होतं.

तेवढ्यात खाली वारा फिरला. कान्हूच्या हातातली चूड विझली. धूर सरला आणि पोळं उठलं.

लखूच्या कमरेला हिसका बसला. एक, दोन, तीन.

मणी थरथरला. लखूने ताटली सावरली. "जरा थांबा, दाजी," तो पुटपुटला. "झालंच."

पुन्हा तीन हिसके आले. मणी मागे बाराव्या खड्ड्याकडे घरंगळला. लखूला राग आला. कुणाचा? दोराचा. दर हिसक्याला त्याचं अंग हलत होतं आणि ताटली हलत होती. मग त्याने जे केलं ते सांगताना माझी जीभ जड होते. ताटली एका हातात तशीच सपाट धरून त्याने दुसऱ्या हाताने दोराचा आणखी एक वेढा खोडाला घातला, आणि त्यावर आणखी एक.

आता हिसके झाडाला बसत होते. लखूपर्यंत पोचत नव्हते.

त्याने श्वास रोखला. ताटली केसभर कलती केली. मणी पुढे आला, खळग्याच्या काठावर थांबला, आणि आत बसला.

"बसला! दाजी, बसला!" लखू एकटाच ओरडला.

मग त्याने दोराकडे पाहिलं. दोर हलत नव्हता. त्याने ताटली तशीच खाली ठेवली, घाईघाईने वेढे सोडवले, दोन्ही हातांनी दोर ओढला. सात वर्षांत इतका हलका दोर त्याने कधी ओढला नव्हता. टोकाला रिकामा पाळणा वर आला. त्याच्या पिळांत पाच-सहा माश्या अडकून भणभणत होत्या.

कान्हूला लोकांनी खालच्या दगडांतून उचलून आणलं. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

चांगुणा रडली नाही. ती वर हिरड्याखाली भावासमोर जाऊन बसली. "किती वेळा ओढलं त्यांनी?"

लखू म्हणाला, "दोनदा कळलं, अक्का. पुढचं मी कळू दिलं नाही."

चांगुणाने शेजारी तशीच पडलेली ताटली उचलली. तिने ती जराशी कलती केली. मणी घरातून बाहेर आला आणि शेजारच्या खड्ड्यात जाऊन पडला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. त्यानंतर ती भावाशी जन्मभर बोलली नाही.

तेव्हापासून त्या वस्तीत बहीण दोराला कुंकू लावत नाही, भावाच्या दोन्ही तळहातांना लावते. माणूस वर आला की आधी भावाचे कपडे पाहतात. दोर सोडून कुंकवाचा डाग दुसरीकडे कुठे दिसला, तर त्या हातात पुन्हा दोर देत नाहीत.

लखू म्हातारा झाला. त्याला कुणी हाकललं नाही, मारलं नाही. तो रोज त्या हिरड्याखाली येऊन बसे. एक जुना दोर खोडाला वेढा देऊन कड्याखाली सोडलेला असे, आणि त्याचं टोक तो दोन्ही हातांत घट्ट धरी. खाली कुणी नसे. तरी तो तीन हिसक्यांची वाट पाही.

ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे, त्याचे हात खेळायला मोकळे नसतात.