शिकलगाराचा डावा हात

कळकेवाडीच्या घाटात गाडीरस्ता नव्हता आणि बांबूचं बन थेट नदीपर्यंत उतरलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची म्हणा. नेमकी किती ते विचारू नका, मी ज्यांच्याकडून ऐकली त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गावात दस्तगीर नावाचा शिकलगार होता. शिकलगार म्हणजे धार लावणारा. त्याच्या अंगणात लाख आणि कुरुंदाची पूड घोटून केलेलं जड चाक होतं. चाकाच्या आसाला चामड्याचा पट्टा गुंडाळलेला असे आणि पट्ट्याची दोन्ही टोकं धरून समोर त्याची बायको हलिमा बसे. ती पट्टा ओढायची, चाक फिरायचं आणि दस्तगीर पातं टेकवायचा. त्याच्या विळ्यावर पीस पडलं तर त्याचे दोन तुकडे व्हायचे, असं म्हणतात. निदान दस्तगीर तरी तसं म्हणायचा.

गावात बुरुडांची तीस घरं होती. सुपं, टोपल्या, कणग्या विणून त्यांचं पोट चालायचं. बांबू उभा चिरायचा तर कत्तीच्या पात्याला दोन्ही अंगांनी सारखा उतार लागतो. एक अंग जास्त घासलं गेलं की पातं एका बाजूला ओढ घेतं, मग बांबूची एक फाक जाड निघते आणि दुसरी कागदासारखी. दस्तगीरच्या कत्त्या अशीच ओढ घ्यायच्या. पण बांबू रग्गड होता, चार वाया गेले तरी कुणाला काही वाटत नसे.

मग एका वर्षी बनाला फुलोरा आला. बांबूला फुलोरा आला की बन वाळतं. कळकेवाडीचंही वाळलं. ओढ्याकाठची मूठभर बेटं तेवढी हिरवी राहिली. आता एकेक बांबू जपून वापरायचा होता.

बुरुडांची म्हातारी येसाबाई एक दिवस दस्तगीरच्या अंगणात आली. "दस्तगीर, पुढच्या चैतातल्या जत्रंला तुझी कत्ती बांबू शेंड्यापतुर मधोमध चिरंल तर बरं," ती म्हणाली. "न्हाई तर घाटाखालचा शिकलगार आणावा लागंल. माझी पोरं काय खातील, तूच सांग."

एका गावात दोन शिकलगारांची चूल पेटत नाही, हे दस्तगीरला सांगायला नको होतं. घाटाखालचा आला की याला बिऱ्हाड उचलावं लागणार. तो घाबरला, आणि घाबरलेली माणसं करतात तेच त्यानं केलं. चिडला. मी मोजून वीस वेळा या अंगानं आणि वीस वेळा त्या अंगानं घासतो, चूक होईलच कशी, असं तो भेटेल त्याला सांगू लागला. त्यानं लोखंडाला नावं ठेवली, लोहाराला ठेवली, बांबूच्या गाठींनाही ठेवली. कत्त्या मात्र ओढ घ्यायच्या थांबल्या नाहीत.

शेवटी तो डोक्याला हात लावून चाकापाशी बसला, तेव्हा हलिमा बोलली.

"उजव्या हातात पातं धरता तवा पट्टा मला जड येतो. बाजू बदलून डाव्या हातात घेता, की हलका. तुमचा डावा हात दाबतच न्हाई. वीसदा नुसता फिरून येतो."

"हे तुला कधीपासून ठाऊक?"

"लगीन होऊन आले तवापासनं. सोळा वर्सं झाली."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं विहिरीवर दोर डाव्या हातानं ओढला. त्या दिवसापासून झाडू डावा, कुऱ्हाड डावी, दाढीसुद्धा डाव्या हातानं. गालावर ओरखडे घेऊन फिरायचा आणि गाव हसायचं. जेवण तेवढं उजव्या हातानं, कारण ते हलिमानं चालू दिलं नसतं. चाकावर बसल्यावर पट्टा हलका आला की ती जिभेनं 'चक्' करायची आणि हा हात दाबायचा. पहिल्या महिन्यात अंगणात पाल बसली आहे की काय असं वाटायचं. थंडी संपता संपता अख्खा दिवस गेला तरी एक 'चक्' ऐकू येईना.

चैत्रात जत्रा भरली. चाक देवळापुढच्या पटांगणात आणलं. येसाबाईनं मुद्दाम सर्वांत लांब आणि सर्वांत गाठाळ बांबू निवडला होता. चाळीस हात लांब होता, असं म्हणतात. दस्तगीरनं कत्तीला धार लावली, पण ती येसाबाईला दिली नाही. साऱ्या गावादेखत त्यानं बायकोला विचारलं, "सारखं झालं का?"

पुरुषमंडळींत खसखस पिकली. हलिमानं पट्टा हातातून सोडला नव्हता. ती म्हणाली, "अजून दोन. डावीकडनं."

त्यानं दोनदा घासलं. तिनं मान हलवली.

येसाबाईनं कत्ती बांबूच्या बुडख्यावर ठेवून एकच घाव घातला. पातं सगळ्या गाठी फोडत शेंड्यापर्यंत गेलं. सोनारानं दोन्ही फाका तोलल्या तर गुंजेचाही फरक निघाला नाही. त्या कत्तीवर दवाचा थेंब पडला तर अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे ओघळायचा, असंही म्हणतात. दस्तगीर लहान मुलासारखा रडला आणि त्यानं डोळे पुसले तेही डाव्या हातानं. घाटाखालच्या शिकलगाराला कुणी बोलावलं नाही.

आता कळकेवाडीच्या शिकलगाराकडे विजेवरचं पट्ट्याचं मशीन आहे. ओढायला कुणी लागत नाही. तरी जत्रेच्या सकाळी मशीनसमोर पाट मांडतात आणि त्यावर गावातली एक बाई बसते. शिकलगार वर्षातली पहिली कत्ती घासतो आणि तिला विचारतो, "सारखं झालं का?" ती मशीनच्या आवाजावरून ओळखते. तिनं मान हलवल्याशिवाय कत्ती बुरुडाच्या हाती जात नाही. त्या पाटावर पुरुषांनी बसायचं नाही. त्यांनी फक्त विचारायचं.

गेल्या जत्रेत माझी बायको बसली होती. तिनं नऊ वेळा 'नाही' म्हटलं आणि बिचारा शिकलगार घामाघूम झाला. घरी येताना मी तिला सहज विचारलं, माझ्याबद्दलही तुला असं काही ठाऊक आहे का.

ती म्हणाली, "बसा जरा त्या पारावर. वेळ लागेल."